पोळ्याच्या पावसाची तारीख

१८ डिसेंबर २०२३

तम्मा शिवप्रसाद,

धाकट्या भावाला पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज तो लिहवत नाही, मागनं बघू. फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की दोन निळ्या खुणा दिसतात आणि पुढं काही नाही. म्हणून सास्तूरच्या पोस्टातून रजिस्टर करून पाठवते आहे. ते सही करून घ्यावं लागतं, मग मिळालंच नाही असं म्हणता येत नाही.

ऑक्टोबरात तू साहेब लोकांना घेऊन गावात आलास. पर्जन्यमापकापाशी उभं राहून त्यातल्या एकानं मला विचारलं, ह्या विमानाच्या पावसाबद्दल तुमचं काय मत? मी तोंड उघडायच्या आत तू हसत म्हणालास, "अक्काला काय विचारता, ती नुसतं पाणी मोजते." सगळे हसले. मीही हसले, पाहुण्यांसमोर काय करणार? संध्याकाळी फोनवर तुला चार शब्द सुनावले, तर तू बोलणंच टाकलंस. चोराच्या उलट्या बोंबा! बरं. पाणी मोजणारी बाई काय म्हणते ते आता वाच.

काल सरपंच बलभीमराव तुमच्या वर्षावर्धन योजनेचा अहवाल घेऊन दारात आले. गावाचं नाव छापून आलं म्हणून गडी हवेत. पान एकोणीस. १३ सप्टेंबरला दुपारी एक वाजता विमानानं ढगात मिठाची पूड सोडली आणि त्याच दिवशी आपल्या गावात अठ्ठावन्न मिलिमीटर पाऊस पडला. आसपासच्या चार मापकांत त्या दिवशी थेंब नाही, म्हणून हा पाऊस विमानाचाच. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की रडार त्या आठवड्यात बंद होतं, सबब मापकाच्या नोंदीवर भिस्त ठेवली आहे. मापक म्हणजे माझा. नोंद म्हणजे माझ्या वहीतली.

अरे शहाण्या, १३ तारखेला खांदमळणी होती. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळून "आज आवतण, उद्या जेवायला या" म्हणतात, ते तू पुण्यात जाऊन विसरलास का? त्या दिवशी विमान आलं, पोरं माळवदावर चढून ओरडली, आणि पार झोपेपर्यंत आभाळ कोरडं ठणठणीत. पाऊस आला तो दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, पाच वाजता, मारुतीच्या देवळापाशी मिरवणूक पोचली तेव्हा. शिंगांचा रंग बैलांच्या डोळ्यांवर ओघळला, झुली भिजून जड झाल्या, बाशिंगांचा लगदा झाला. अख्ख्या गावानं बघितलं. आणि तुमच्या तक्त्यात पोळ्याच्या दिवशी चारी गावांत पाऊस आहे आणि आपल्या एकट्या गावात शून्य! ढगाला आपलंच गाव चुकवून जायला आपण त्याचं काय घोडं मारलं होतं?

ढगाचं आयुष्य तास-दोन तासांचं असतं, हे तूच मला एकदा पाटीवर काढून समजावलं होतंस. मग अठ्ठावीस तासांनी पडलेलं पाणी विमानाचं कसं? तू तारीख सरकवलीस. लबाडी केलीस तम्मा, सरळ लबाडी.

आणि ही काय लहान गोष्ट नाही. १९ जानेवारीला उमरग्याला जनसुनावणी आहे. सरकारनं ह्या कामाला दहा वर्षं निधी द्यायचा की नाही ते समिती लोकांना विचारून ठरवणार. आधी पाऊस, आणि त्यात यश आलं असं ठरलं की दुसरा टप्पा: विमानं लई उंच नेऊन तिथं पूड पसरायची, ऊन अडवायचं, धरती गार करायची. म्हणजे साऱ्या दुनियेच्या उन्हाला हात घालायचा, आणि पाया कशाचा, तर माझ्या वहीतल्या एका आकड्याचा. मी सुनावणीत बोलणार आहे. आधीच सांगून ठेवते.

महेश्वरी


२ जानेवारी २०२४

शिवप्रसाद,

तुझं टाइप केलेलं पत्र मिळालं. वर "आदरणीय अक्का" लिहिलंयस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आदरणीय झाले मी.

चार ओळींत तू म्हणतोस: सरकारी मापकातलं पाणी सकाळी साडेआठला मोजतात आणि मोजलं त्या दिवसाची तारीख घालतात. म्हणजे पाऊस पडलेला असतो आदल्या दिवशी. म्हणून आम्ही सगळ्या गावांच्या नोंदी एक दिवस मागं धरल्या. तुझ्या वहीत १४ तारीख आहे, म्हणजे पाऊस १३चा. यात लबाडी कुठं आहे?

मला नियम शिकवू नकोस. मापकाचं झाकण तू हातात धरायला शिकलास ते माझ्या शेजारी बसून.

वहीबद्दल नंतर लिहीन. सध्या माझे डोळे आलेत, बारीक अक्षर दिसत नाही.

बलभीमराव परत येऊन गेले. मी बोलणार हे त्यांच्या कानावर गेलंय. म्हणाले, "अक्का, विमानाचं केंद्र आपल्या शिवारात होतंय. रस्ता होईल, चार पोरं कामाला लागतील. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, "बलभीमराव, माझ्या मुठीत पाणी आहे. ते झाकून राहत नाही." तर म्हणतात, "तुमच्या सख्ख्या भावाचं काम हाय, आन् तुमीच त्याच्या मुळावर उठता व्हय?" चहा दिला आणि वाटेला लावलं.

गावात दुसरं बोलणं नाही. धुळाप्पा म्हणतो, उन्हाला चाळणी लावली तर माझी तूर कशी वाळायची? तिकडं कर्नाटकातले, आळंदचे त्याचे पाहुणे म्हणतात, आमच्यावर यायचा ढग तुम्ही महाराष्ट्रात पाडला तर आम्ही काय गप बसू? शाळेतल्या सत्यभामाबाईंचं म्हणणं, तळ्यातला गाळ काढायला सरकारला जमत नाही आणि आभाळ दुरुस्त करायला निघालेत. आणि हरणाबाई सगळ्यांवर ओरडते. ऑगस्ट सगळा कोरडा गेला, माकणीच्या धरणाचा तळ दिसला, तेव्हा तुमची ही शहाणपणं कुठं होती म्हणते. तिचं सोयाबीन डोळ्यांदेखत करपलं, तिला बोलायचा हक्क आहे.

महेश्वरी


११ जानेवारी २०२४

तम्मा,

डोळ्यांना काही झालेलं नाही. थाप मारली मी.

तुझं पत्र आलं त्या दुपारी वही काढली आणि बसले. नंतर आपल्या अप्पांच्या वह्याही काढल्या. लाज वाटते लिहायला, पण लिहिते. तू लबाडी केली नाहीस. चूक माझी आहे. तुला लबाड म्हटलं ते शब्द मागं घेते.

नियम तू सांगतोस तोच. पण मी तो पाळत नाही. बावीस वर्षं पाळलेला नाही, आणि माझ्या आधी अप्पांनीही पाळला नव्हता. आम्ही पाणी सकाळी साडेआठलाच मोजतो, पण तारीख घालतो पाऊस पडला त्या दिवसाची. पोळ्याचं पाणी मी १५ तारखेला सकाळी मोजलं आणि १४ च्या ओळीत लिहिलं, कारण पडलं ते १४ ला. तुम्हाला वाटलं नियमानं लिहिलंय, तुम्ही आणखी एक दिवस मागं ओढलं. पाऊस जाऊन बसला १३ ला, विमानाच्या मांडीवर.

हे असं का, ते तुला ठाऊक नाही. तू तेव्हा लहान होतास. अप्पा मापकाचा आकडा चावडीच्या फळ्यावर खडूनं लिहीत. गाव तारीख बघत नव्हतं, नक्षत्र बघत होतं. एका साली आर्द्रा संपायच्या शेवटच्या संध्याकाळी पाऊस पडला आणि अप्पांनी तो नियमानं दुसऱ्या दिवशी लिहिला. तो गेला पुनर्वसूत. हणमंतप्पा काठी घेऊन चावडीत आले. "आर्द्रा माझ्या शेतात पडली, मी भिजलो, आन् तू ती कोरडी लिहितोस?" अप्पा म्हणाले सरकारचा नियम आहे. हणमंतप्पा म्हणाले, "सरकार भिजलं का?" त्या दिवसापासून पाऊस ज्या दिवसाचा त्या दिवशी लिहायचा, असं घरात ठरलं. अप्पांनी मला तसंच शिकवलं. गावाला नक्षत्र लागतं, सरकारला तारीख. आम्ही गावाचं ऐकलं. महिन्याची बेरीज तर तीच येते, वरच्या कुणी कधी विचारलं नाही.

आता कळलं ना? चूक माझी, पण पाऊस तुमचा नव्हे. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मी उमरग्याला सांगणार आहे. त्याचं काय होईल तेही कळतंय मला. बावीस वर्षांची वही बाद म्हणतील. अप्पांच्या वह्याही बाद म्हणतील. मापकाचं काम काढून घेतील. ह्या गावात सकाळी साडेआठला माझी वाट बघणारं तेवढं एकच आहे, ते पण जाईल. जाऊ दे.

तुझं काय होईल ते मी रोज डोक्यात घोळवते. तुमच्या साऱ्या मोसमात जमेचा आकडा हा एकच आहे, एवढं मला अहवाल वाचून कळतं. म्हणून हे पत्र आठ दिवस आधी. तू स्वतः ऊठ आणि सांग, की नोंदीच्या पद्धतीत घोळ झाला, हा आकडा काढून टाका. तुझ्या तोंडून आलं तर ते शास्त्र होईल. माझ्या तोंडून आलं तर भावाबहिणीचं भांडण म्हणतील लोक. तुझी मान खाली जावी म्हणून मी हे करत नाही रे. पण तू बोलला नाहीस तर मी बोलेन. त्यात बदल नाही.

तुझी अक्का


२० जानेवारी २०२४

शिवप्रसाद,

तू मंचावर होतास, मी खाली चौथ्या ओळीत. तीन तास तू माझ्याकडं एकदाही बघितलं नाहीस. समोरचे कागद सारखे करत होतास. कागद तर आधीच सरळ होते.

तरी लिहिते, कारण तू ऐकत होतास की नाही याची मला खात्री नाही.

आधी हरणाबाई बोलली. काय बोलली ती! "साहेब, समद्यांनी शंका काढल्या. शंका खाऊन पोट भरत न्हाय. माझ्या रानात दोन म्हैने थेंब न्हवता. इमान येऊन रिकामं गेलं तरी चालंल, पर येऊ द्या. सरकार आमच्यासाठी कायतरी करतंय एवढं तरी दिसंल." टाळ्या पडल्या. मलाही वाजवाव्या वाटल्या, खोटं कशाला बोलू?

मग माझं नाव पुकारलं. वही घेऊन उभी राहिले. सांगितलं सगळं. पद्धत सांगितली, अप्पांचं सांगितलं, तारीख दोनदा मागं गेली ते सांगितलं. समितीतले चष्मेवाले म्हणाले, "म्हणजे बाई, तुमची वही चुकीची आहे." मी म्हटलं, "साहेब, नियम मोडलाय, तो कबूल. पण माझ्या वहीत पाऊस पडला त्या दिवशी आहे आणि तुमच्या अहवालात न पडलेल्या दिवशी. चुकीचं कोणतं ते तुम्हीच म्हणा." मागं कुणीतरी हसलं.

चष्मेवाले म्हणाले, याला पुरावा काय? मग मी मागं वळले. गावातनं दोन जीप भरून माणसं आली होती. म्हटलं, "सांगा. बैलांचे रंग कोणत्या दिवशी धुऊन गेले? खांदमळणीला का पोळ्याला?"

तम्मा, एक माणूस बोललं नाही. ज्यांच्या बैलांना मी स्वतः ओवाळलं, ते छताकडं बघत बसले. धुळाप्पा, तुरीवरून गावभर बडबडणारा, त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. पहिल्या ओळीत बलभीमराव बसले होते ना, त्यांच्या मानेकडं बघून सगळे गप. मंचावर तू गप. एवढ्या माणसांत इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि मग हरणाबाईच उठली. पदर खोचत उठली. "पोळ्याला," म्हणाली. "माझ्या ढवळ्याच्या शिंगाचा रंग पोळ्याला गेला, देवळापुढं. इमान मला पायजेच, सायेब. ते मी मागणारच. पर त्यापायी पोळ्याचा दिस म्या खोटा सांगणार न्हाय." आणि खाली बसली. बसताना तिनं माझ्याकडं असं रागानं बघितलं, जणू मीच तिला उठायला लावलं.

त्यावर आणखी दोघं उठले, मग पाच-सहा. तू मात्र नाही. चष्मेवाल्यांनी तुला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? तू माइक ओढलास आणि म्हणालास, "ही माहिती आम्हाला आजच मिळते आहे. तपासून बघू."

आजच!

माझ्या ११ तारखेच्या पत्राची पोचपावती माझ्यापाशी आहे. १५ जानेवारी, तुझी सही. शि चा फराटा ओळखत नाही का मी?

घरी येऊन भाकरी टाकली नाही. तशीच पडून राहिले. राग आला होता, लई राग, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. विमानाबद्दल तुझं मत वेगळं असेल, असू दे. उद्या ढगातनं खरंच पाणी काढलंस तर पहिली मी तुझी दृष्ट काढीन. पण हे कसं बोलवलं तुला?

महेश्वरी


६ फेब्रुवारी २०२४

तम्मा शिवप्रसाद,

परवा तुझा फोन आला. साडेतीन महिन्यांनी. स्क्रीनवर नाव बघून मी ओल्या हातानंच उचलला. तब्येत विचारलीस, गुडघा विचारलास, आणि मग मुद्द्यावर आलास.

समितीचा कागद मला आलाय हे तुला माझ्या आधी कळलं होतं. सात प्रश्न आहेत. सहा सोपे आहेत. पाचवा असा: नोंदीच्या पद्धतीतील हा फरक आपण सुनावणीपूर्वी योजनेतील कोणाला कळवला होता काय? असल्यास कोणाला, केव्हा, कसा?

तू म्हणालास, "अक्का, तिथं नाही लिही. एवढंच. बाकी तुझं सगळं बरोबर आहे, आकडा आम्ही काढतोच आहोत. फक्त मला आधी माहीत होतं असं येऊ देऊ नको." मग म्हणालास, तू नाही लिहिलंस तर मापक तुझ्याकडंच राहील असं मी बघतो. हे शेवटचं बोलायला नको होतंस. तुला वाटलं मी मापकासाठी विरघळेन. मापक तर गेल्या मंगळवारीच घेऊन गेले. दोन माणसं आली, मोजपात्र कापडात गुंडाळलं, माझी सही घेतली. मी त्यांना ताक दिलं. त्यांचा काय दोष?

फोनवर मी तुला "बघते" म्हटलं. ते खोटं होतं, माझं तेव्हाच ठरलं होतं. तुझा आवाज ऐकून तोंडावर नाही म्हणवेना, इतकंच. म्हणून आता लिहून सांगते.

मी अख्ख्या उमरग्यासमोर माझी चूक सांगितली, अप्पांची सांगितली. मेलेल्या बापाला मी सोडलं नाही. आणि आता तुझ्यापाशी येऊन थांबू? मग हरणाबाई कशाला उठली होती? तिला विमान हवं होतं, तरी उठली. तुला नोकरी हवी आहे, मला तू हवा आहेस. हवं सगळ्यांनाच असतं काहीतरी.

तुम्ही लोक उद्या उन्हाला हात घालणार. कधीतरी चुकाल, माणूस आहात. त्या दिवशी कुणीतरी पुण्यात बसून "आजच कळलं" म्हणेल, आणि खाली आपल्यासारखी गावंच्या गावं असतील. मला विमानाची भीती वाटत नाही रे. मला त्या एका वाक्याची भीती वाटते, आणि ते माझ्या घरातल्या माणसानं म्हटलंय. अव्वा भूकंपात गेली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास, आईवेगळा झालास. तुला खाऊ-पिऊ मी घातलं, अभ्यासाला मी बसवलं. तू खोटं बोललास की कान मीच पिळायची. आता कान तेवढा लांब गेलाय.

सातही उत्तरं लिहून झालीत. पाचव्याखाली लिहिलंय: होय. माझे धाकटे बंधू शिवप्रसाद यांना, ११ जानेवारी रोजी, रजिस्टर पत्राने. पोचपावतीची झेरॉक्स जोडली आहे. तुझं नाव लिहिताना अक्षर वाकडं आलं. तसंच राहू दिलं.

पाकीट अजून उघडं आहे. टपालात टाकायची शेवटची मुदत सोमवार, बारा तारीख, आणि सास्तूरहून टपाल दुपारी बाराला निघतं. हे पत्र तुला शुक्रवारपर्यंत मिळेल. त्या तीन दिवसांत तू स्वतः समितीला लिहिलंस, की हो, मला आधी कळलं होतं आणि मी गप बसलो, आणि मला तसं फोनवर सांगितलंस, तर मी त्या उत्तराखाली आणखी एक ओळ घालीन: त्यांनी हे आपणहून सांगितलं आहे. आणि मग गावभर मान वर करून फिरेन, तुझी नोकरी राहो न राहो. नाही लिहिलंस तर पाकीट आहे तसं चिकटवीन.

आजवर कुणासाठी थांबले नाही मी. तुझ्यासाठी सोमवारी बारापर्यंत थांबते.

तुझी अक्का,
महेश्वरी